एकदाच घेतलेलं रीडिंग

मी एकतीस वर्षं काचा धुतल्या. एसटीत शेजारी बसलेली बाई विचारायची, "कॉलेजात काय शिकवता?" मी सांगायची, "शिकवत नाही, काचा धुते." मग ती बाई उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायची. मी खोटं बोलत नव्हते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा सहायक होते. तिथे ज्या कामावर आठ जणांनी डॉक्टरेट मिळवली, त्या कामाची सुरुवात काच धुण्यापासून होते. आठही प्रबंधांत आभाराच्या पानावर माझं नाव आहे. सातांत 'राठोडताई' असं आहे आणि एकात 'शिपाई राठोड'. त्या आठव्याला मी अजून माफ केलेलं नाही.

काच म्हणजे बोटाएवढी लांब, दीड बोटाच्या जाडीएवढी रुंद पट्टी. आधी साबण, मग अॅसिड, मग उकळून थंड केलेलं शुद्ध पाणी, मग अॅसिटोन, मग गरम हवेत वाळवणं. एवढं करून चिमट्याऐवजी बोटाने उचललीत तर सगळं पहिल्यापासून. बोटाचा तेलकटपणा डोळ्यांना दिसत नाही, पण त्यावर बसवलेला थर दुसऱ्या दिवशी कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून येतो. नवे विद्यार्थी पहिला महिना माझ्यावर चिडलेले असत. दुसऱ्या महिन्यात त्यांचे थर सुटू लागले की गुपचूप येऊन विचारत, "ताई, तुम्ही कशा धुता?"

थर म्हणजे काय ते सांगते. कथिलाचा क्षार पाण्यात विरघळवायचा. काचेची पट्टी साडेचारशे अंशांवर तापलेल्या तव्यावर ठेवायची, आणि वरून त्या पाण्याचा अगदी बारीक फवारा मारायचा. थेंब काचेवर पोचेपर्यंत पाणी उडून जातं आणि कथिलाचा ऑक्साइड काचेला चिकटतो. पाच सेकंद फवारा, मिनिटभर थांबा, पुन्हा पाच सेकंद. घाई केली तर तवा थंड होतो आणि काच पांढरी पडते. असं तासभर केल्यावर जो थर तयार होतो त्याची जाडी केसाच्या दोनशेव्या भागाएवढी, आणि तोही सलग नसतो, दाणेदार असतो. ते दाणे इतके लहान की आमच्याकडच्या कुठल्याच सूक्ष्मदर्शकात दिसत नसत. त्यांचे फोटो काढायला मोठ्या शहरात पाठवावं लागे. फोटो यायला दोन-तीन महिने लागत. मला तेवढं थांबायची गरज नव्हती. थर वाढत जातो तसा काचेवर आधी पिवळट, मग जांभळा, मग निळा-हिरवा रंग चढतो. जांभळा संपून निळा सुरू झाला की मी फवारा बंद करायची. शहरातून आलेल्या मोजमापाशी माझा अंदाज कधी फार चुकला नाही. याचा मला गर्व होता, आणि तो मी लपवतही नसे.

हे सगळं कशासाठी, तर वास ओळखण्यासाठी. हवेतला प्राणवायू या दाण्यांवर बसतो आणि त्यांच्यातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, म्हणून थरातून वीज कष्टाने जाते. एखादा गॅस आला की तो त्या प्राणवायूशी जुळतो, इलेक्ट्रॉन सुटतात, अडथळा कमी होतो आणि मीटरची सुई खाली येते. म्हणजे आमचा थर गॅस हुंगत नाही. आपल्या अंगावरचा प्राणवायू कमी झाला, एवढंच तो सांगतो. हे वाक्य मी विद्यार्थ्यांना वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावायची. ज्या दिवशी ते मला आठवायला हवं होतं त्या दिवशी आठवलं नाही.

आणखी एक गोष्ट म्हणजे ओल. ओल ही आमच्या धंद्यातली सवत. श्रावणात नुसती खिडकी उघडली तरी सुई दोन-चार घरं खाली बसायची. कारण नसताना सुई हलली की विभागात सगळ्यांच्या तोंडी एकच उत्तर असे, "ओल असेल." शंभरातल्या नव्वद वेळा ते खरंही असे.

यावर इलाज एकच. रीडिंग तीनदा घ्यायचं, आणि तिसरं घेताना माणूस बदलायचा. ज्याने पहिली दोन घेतली त्याला तिसरं घेऊ द्यायचं नाही, कारण त्याच्या डोळ्यांत आधीचा आकडा बसलेला असतो. बाभुळगावच्या एका मुलीने एकदा घाईघाईत एकेकच रीडिंग घेऊन आलेख काढून आणला. सुरेख आलेख होता. मी तो फाडला. ती रडली. मी म्हटलं, "एकदा घेतलेलं रीडिंग म्हणजे कोणीतरी सांगितलेली गोष्ट. त्यावर विश्वास ठेवायचा असेल तर प्रयोगशाळेत कशाला यायचं?" ती मुलगी आता दुसऱ्या जिल्ह्यात प्राध्यापक आहे. दर दिवाळीला फोन करते आणि हे वाक्य मला परत ऐकवते. आठ वर्षांपूर्वीपर्यंत मला ते ऐकायला आवडायचं.

आमच्याकडे गिऱ्हाइकंही येत. एका पोलीस जमादारांनी मोहाची दारू पकडणारं यंत्र मागितलं होतं. "ताई, कोनत्या घरात भट्टी लागली थे तुमची मशीन रस्त्यावरूनच सांगंन काय?" नमुन्याची बाटली घेऊन आले होते. मी थर तापवला, सुई स्थिर झाली, जमादार बघायला जवळ वाकले, आणि बाटलीचं झाकण उघडायच्या आधीच सुई खाली गेली. मी जमादारांकडे पाहिलं. ते भिंतीवरचा मूलद्रव्यांचा तक्ता फार लक्ष देऊन वाचू लागले. बाटली तिथेच विसरून गेले.

एकदा एक परीक्षक आले होते, बाहेरच्या विद्यापीठातून, अंगाला भरपूर अत्तर लावून. विद्यार्थी अमोनियावर काम केलेला. त्याने प्रात्यक्षिक सुरू केलं, सुई झरझर खाली आली, परीक्षक खूश. अमोनियाची नळी अजून बंद होती, हे मला दिसत होतं आणि विभागप्रमुख वानखडे सरांनाही. सरांनी मला डोळ्याने खिडकी दाखवली, मी उठून ती उघडली. परीक्षक गेल्यावर आम्ही पोट धरून हसलो. कित्येक वर्षं चहाच्या वेळी आम्ही ही गोष्ट सांगायचो. सुई हलली एवढंच सुई सांगते, कशामुळे हलली ते आपण ठरवतो. त्यात हसण्यासारखं काय होतं ते आता मला सांगता येत नाही.

वानखडे सर भला माणूस. कुठल्याशा गावी गटार साफ करायला उतरलेली दोन माणसं गुदमरून मेली, ती बातमी त्यांनी वाचली आणि वर्तमानपत्र घेऊनच प्रयोगशाळेत आले. म्हणाले, "ताई, इतके पेपर छापले. यातून एक तरी जीव वाचला पाहिजे." गटारात सडक्या अंड्याच्या वासाचा जो विषारी गॅस असतो, तो पकडायला कथिलाच्या थरावर तांब्याच्या ऑक्साइडचे ठिपके द्यायचे. त्या गॅसने तांबं पालटतं आणि सुई नुसती हलत नाही, कोसळते. दोन वर्षं आम्ही त्यावर लागलो होतो. शेवटी एक पेटी झाली. थर बसवला होता चहाच्या स्टीलच्या गाळणीत, त्याला शंभर फूट वायर, वर मोटारसायकलची बॅटरी, एक मीटर, एक हिरवा दिवा आणि एक लाल. शहराच्या मोठ्या नाल्यात सोडली तेव्हा सुई शून्याशी जाऊन आदळली आणि लाल दिवा लागला. तीनदा सोडली, तिन्हीदा लागला. सरांनी सगळ्या विभागाला पेढे वाटले.

ती पेटी मी आमच्या तांड्यावर नेली.

तांडा फुलसावंगीपासून पायी अर्ध्या तासावर. घरी आम्ही गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, बोलतो. पुढचं बोलणं तसंच लिहिलं तर बहुतेकांना कळणार नाही, म्हणून वऱ्हाडीत लिहिते आहे. त्या उन्हाळ्यात हातपंप आटला होता आणि तांड्याची जुनी विहीर उपसायची ठरली होती. सात परस खोल विहीर. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. पोरंढोरं पडू नयेत म्हणून दोन वर्षं ती पत्रे आणि काटक्या टाकून झाकलेली होती, तळाशी घोटाभर गाळ आणि पाला.

अशा विहिरीत उतरायच्या आधी आमच्याकडे कंदील सोडतात. पेटलेला कंदील दोराला बांधून तळापर्यंत न्यायचा, शंभर मोजायचे, वर घ्यायचा. विझला तर कोणी उतरायचं नाही. हे काम माझ्या वडिलांचं, म्हणजे बाचं, आणि त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचं होतं. कंदील दोनदा सोडायचा अशी रीत होती. पहिल्यांदा बा सोडायचा. दुसऱ्यांदा तो दोर उतरणाऱ्या माणसाच्या घरच्या कोणाच्या तरी हातात द्यायचा, बहुतेक बायकोच्या. तिने सोडल्यावरही दिवा जळत राहिला, तिने स्वतः पाहिलं, तरच माणूस खाली जायचा. लहानपणी मला हे मानपानाचं वाटायचं, लग्नात सुपारी देतात तसं. प्रयोगशाळेत इतकी वर्षं तिसऱ्या रीडिंगला माणूस बदलत होते, पण या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

उतरणार होता देविदास, माझा धाकटा भाऊ. चाळिशीचा, अंगाने काटक, पंचक्रोशीत विहिरी उपसायला त्यालाच बोलवत. त्याची बायको सुनीता कठड्याजवळ उभी होती, पदर खोचून. तांड्याच्या नायकाने विहिरीजवळ सतरंजी टाकली होती, तीवर माझी पेटी. तिला कोणीतरी हळदकुंकू लावलं होतं. सगळा तांडा जमला होता. ज्या तांड्यात मुलगी सातवी शिकली की पुरे म्हणत, तिथे मी मशीन घेऊन आले होते, आणि माझे पाय जमिनीवर नव्हते हे मी आता कबूल करते.

थर तापायला दहा मिनिटं लागतात. सुई ऐंशीवर स्थिर झाली, हिरवा दिवा लागला. मी गाळणी खाली सोडायला लागले. पाच परस खाली गेल्यावर सुई ऐंशीवरून अठ्ठ्याहत्तरवर आली. तळाला पोचली तरी अठ्ठ्याहत्तरच. नाल्यात ती शून्यावर आदळली होती, तिथे ही दोन घरं. हिरवा दिवा जळतच होता.

मी स्वतःशीच म्हटलं, ओल असेल.

तेवढ्यात बा कंदील घेऊन आला. आता रॉकेल मिळत नाही, त्याने कुठूनतरी जपून ठेवलेली अर्धी बाटली कंदिलात ओतली होती.

"सोडू का?" त्याने विचारलं.

"कायले, बा?" मी म्हटलं. "खाली पाला सडला असंन त त्याचा गॅस दिव्यानं भडकंन. आन् रॉकेल राहू दे तुह्यं. हे मशीन कंदिलाहून हुशार हाय."

माझं पहिलं कारण खोटं नव्हतं. पण लोक हसले ते शेवटच्या वाक्याला. बासुद्धा थोडा हसला. मग कंदील घरी ठेवायला निघून गेला. त्याची पाठ मला अजून दिसते, एका हातात कंदील आणि दुसऱ्या हाताने धोतर सावरलेलं.

"बाई, बोललं का तुह्यं मशीन?" देविदासने विचारलं. आमच्यात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात.

"बोललं. काही नाई खाली. जाय."

सुनीताने माझ्याकडे पाहिलं. देविदास दोर कमरेला न बांधता हाताने धरूनच उतरला, नेहमीसारखा, कारण बांधलेल्या दोराने खाली काम करता येत नाही. चार परसांवरून आवाज आला, "खाली गार हाय, बाई." कोणीतरी वरून म्हणालं, "मंग आम्हीबी येतो," आणि पुन्हा हसू झालं. मग दोर ढिला पडला. आम्हाला वाटलं पोचला. नायकाने हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. खालून गाळात काही पडल्यासारखा आवाज आला होता का, यावर माणसं नंतर भांडली. मी ऐकला होता.

शेजारचा रामधन दोर बांधून उतरायला लागला, आणि पाचव्या परसाशी त्याची मान एका बाजूला पडली. त्याला ओढून काढलं, उताणा टाकला, तोंडावर पाणी मारलं, तो वाचला. गलका ऐकून बा धावत आला, हातात कंदील तसाच. त्याने काही विचारलं नाही. कंदील पेटवला, सोडला. पाच परसांवर तो विझला. वर ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला, पुन्हा विझला. आणि माझ्या पायाशी सतरंजीवर, हळदकुंकवाच्या पेटीत, हिरवा दिवा जळत होता.

मग निंबाचे डहाळे दोराला बांधून खालीवर केले, हवा हलावी म्हणून पाण्याच्या बादल्या ओतल्या, आणि गळ टाकून देविदासला काढलं. त्यात इतका वेळ गेला होता की दवाखान्यात नेलं ते नुसतं नेलं.

काय झालं ते मला तिथेच, विहिरीच्या काठावर कळलं होतं. कुजणाऱ्या पाल्याने खालचा प्राणवायू खाल्ला होता आणि जड हवा तळाशी बसली होती. सडक्या अंड्याचा गॅस त्या विहिरीत नव्हताच. म्हणून लाल दिवा लागला नाही. पण थरालाही प्राणवायूच लागतो. तो कमी झाला म्हणून सुई दोन घरं उतरली होती. प्रयोगशाळेत थराच्या डब्यातली हवा नायट्रोजन सोडून काढताना सुई घसरते हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. थराने मला सांगितलं होतं. त्याची भाषा जिल्ह्यात सगळ्यात जास्त वर्षं बोललेली बाई मी, आणि मी म्हटलं, ओल असेल.

वानखडे सरांचा फोन आला तेव्हा ते रडत होते. रडून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, रीडिंग काय होतं?"

"ऐंशी," मी म्हटलं. "हललं नाही."

एकतीस वर्षांत मी सांगितलेलं ते एकच खोटं रीडिंग.  माझं दुःख हलकं व्हावं म्हणून सर म्हणाले, "म्हणजे पेटी चुकली नाही, ताई. ज्या गॅससाठी ती केली तो तिथे नव्हताच." पेटीच्या चाचण्यांच्या अहवालात आमची विहीर एका ओळीत आली. ठिकाण, खोली, आणि पुढे 'गॅस आढळला नाही'. तो तक्ता मी स्वतः टाइप करून घेतला. त्यातलं एकही अक्षर खोटं नाही, आणि तो कागद मी पुन्हा कधी उघडला नाही.

पंचनामा झाला. साहेबांनी विचारलं, पेटी चालू होती का? होती. दिवा कोणता होता? हिरवा. सुईचं कोणी विचारलं नाही. सुई नावाची गोष्ट असते हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. मी सांगितलं नाही.

त्यानंतरही मी सहा वर्षं काचा धुतल्या. लोकांना वाटतं माणूस अशा गोष्टीनंतर काम सोडत असेल. मला दुसरं काही येत नव्हतं. फक्त फवारा मारायला मी कोणा विद्यार्थ्याला उभं करायची आणि रंग बघायची वेळ आली की तोंड फिरवायची. दोन विद्यार्थ्यांचे थर त्यामुळे जाड झाले. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं आणि एका पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की ताईंनी कष्टकऱ्यांच्या जिवासाठी यंत्र बनवायला हातभार लावला. वानखडे सर मान खाली घालून बसले होते. मी टाळ्या संपायची वाट बघत होते.

सुनीता तांड्यावरच राहिली. दोन मुलींना शिकवते आहे. मी गेले की चहा करते, मुलींना माझ्या पाया पडायला लावते, बाई म्हणूनच हाक मारते. पहिली काही वर्षं मी वाट पाहिली की ती कधीतरी भांडेल, केस धरून बाहेर काढेल. तिने तसं काही केलं नाही. मला वाटलं, तिने माफ केलं. किंवा तिला कळलंच नाही. दोन्हीपैकी काय हवं आहे ते मला ठरवता येत नव्हतं.

या उन्हाळ्यात बा आजारी पडला म्हणून महिनाभर तांड्यावर राहिले. ऐंशीच्या पुढे आहे, खाटेवरच असतो. डोक्याशी खुंटीला तो कंदील टांगलेला, काच पुसलेली, आत रॉकेल नाही. एका दुपारी मी त्याचे पाय चेपत होते. सुनीता दारात बसून सुपात तूर निवडत होती. विहिरीबद्दल आमच्या घरात आठ वर्षांत कोणी शब्द काढला नव्हता. बाने आढ्याकडे बघतच विचारलं,

"शेवंता, तुह्या त्या पेटीत त्या दिवशी काहीच दिसलं नव्हतं का?"

मी नाही म्हणू शकले असते. सरांना म्हटलं होतं, पंचनाम्यात न बोलता म्हटलं होतं. पण त्याच्या पायाचं हाड माझ्या हातात होतं, नुसतं हाड, आणि मला खोटं बोलवेना.

"दोन घरं सुई सरकली होती, बा. मले वाटलं ओल हाय."

सुनीताच्या सुपाचा आवाज थांबला नाही.  मी वाट पाहत होते, बा शिवी देईल, पाय ओढून घेईल. मग तो म्हणाला,

"होते असं. कंदीलबी कधी वाऱ्यानं फडफडते. पहिल्या डावाले मलेबी कितीकदा समजलं नाई. म्या म्हनो, वारा असंन. कोनालेच समजत नाई पहिल्यांदा."

माझ्या छातीवरचा दगड हलला. आठ वर्षांत पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला, हे सांगायची मला लाज वाटते, पण तसं झालं. मी त्याचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि रडू लागले.

तो माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेला, हात पोचला नाही. मग सहज, पुढचं काहीतरी विचारावं तसं त्याने विचारलं, "आन् दुसऱ्यांदा सुनीतानं सोडली तवा सुई कुठी होती?"

त्याने पाहिलं नव्हतं. तो कंदील ठेवायला घरी गेला होता. आठ वर्षं तो हेच धरून चालला होता की मशीन असलं म्हणून काय झालं, दुसऱ्यांदा सोडलंच असेल, सुनीताच्या हाताने, तिने पाहिलंच असेल. एकदाच सोडून कोणी माणूस खाली उतरवतं, तेही माझी मुलगी, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

मी त्याचा पाय सोडला. बाने मान वळवून दाराकडे पाहिलं. सुनीताने सूप खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर पुढे ओढला, आणि आमच्या दोघांकडेही न बघता म्हणाली,

"मी उभी होती, मामाजी. हात पुढं केला होता. बाईनं दोर देल्लाच नाई."

मग तिने सूप उचललं आणि पुन्हा तूर निवडायला लागली.